बटण बंद, तरी दिवा मिणमिणता: घरातल्या दिव्यांच्या वायरिंगमधले दोष कसे ओळखावेत

रात्री बटण बंद केल्यावर डोळे अंधाराला सरावले की छताकडे पाहताना एखाद्याच्या लक्षात येते, की एलईडी बल्ब पूर्ण विझलेलाच नाही. त्याच्यात अजून फिकट उजेड आहे. दुसऱ्याच्या घरी दिवा अधूनमधून फडफडतो, तर तिसऱ्याने हौसेने छताचा दिवा बदलल्यापासून बटण दाबले की अख्ख्या मजल्याची वीज जाते. तिघेही आधी बल्ब बदलतात, मग बटण बदलतात, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. मीही यातून गेलो आहे. जिन्यावरचा दिवा फडफडत होता म्हणून मी दोन बल्ब आणि एक होल्डर बदलला. दोष शेवटी सापडला तो पलीकडच्या खोलीतल्या स्विचबोर्डात. तिथल्या स्क्रूखालची एक काळी वायर बोटाने हलकेच ओढताच हातात आली. तिचे तांब्याचे टोक काळेनिळे पडले होते आणि दोन बोटे लांबीपर्यंतचे प्लास्टिक तपकिरी होऊन पापडासारखे मोडत होते. त्या बोर्डावरचे दिवे मात्र उत्तम चालत होते.

बिघाड दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्या ठिकाणी, असे विजेच्या बाबतीत सर्रास घडते, आणि त्यामागचे कारण समजायला फारसे गणित लागत नाही.

## जाणारी वाट आणि परतीची वाट

दिव्यापर्यंत दोन वायरी येतात. एकीला फेज म्हणतात; जमिनीच्या तुलनेत तिच्यावर दाब, म्हणजे व्होल्टेज, असतो. दुसरी न्यूट्रल, ती विजेची परतीची वाट आहे आणि पुरवठ्याच्या बाजूला ती जमिनीशी जोडलेली असते. तिसरी वायर अर्थिंगची. ती एरवी रिकामीच असते. दिव्याच्या धातूच्या भागाला चुकून फेज लागली, तर वीज माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने निघून जावी, एवढ्यासाठी ती ठेवलेली असते.

वीज समजावताना नळाच्या पाण्याची उपमा देण्याची पद्धत आहे, पण दोष शोधताना ती फसवते, कारण पाइप फुटला की पाणी तिथून बाहेर सांडते आणि फुटलेली जागा आपोआप कळते. विजेला विहिरीवरच्या रहाटाची उपमा जास्त शोभते. रहाटाची माळ सलग असते; भरलेली गाडगी एका बाजूने वर येतात आणि रिकामी दुसऱ्या बाजूने खाली जातात. माळ कुठेही जखडली, अगदी खाली विहिरीत नजरेआड जखडली, तरी सगळी गाडगी एकाच वेळी थांबतात, आणि वरून पाहणाऱ्याला नेमके कुठे अडले ते कळत नाही. दिव्याचेही तसेच आहे. फेज तुटली काय आणि न्यूट्रल तुटली काय, दिवा विझतो आणि दोन्ही वेळा सारखाच दिसतो.

भिंतीवरचे बटण, म्हणजे स्विच, हा या माळेतला मुद्दाम ठेवलेला खंड आहे. तो फेजच्या वाटेवर बसवायचा असतो, म्हणजे बटण बंद केल्यावर होल्डरपर्यंत दाब पोहोचतच नाही. हा नियम पाळलेला नसला तरी दिवा चालू-बंद बरोबर होतो, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक दिव्यासाठी घरातली वीज जिथून वाटली जाते त्या मुख्य पेटीपासून स्वतंत्र वायरी ओढलेल्या नसतात. एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी, तिथून त्याच्या पुढे, अशी फेज आणि न्यूट्रल पुढे सरकवलेली असते. याला लूपिंग म्हणतात. माझ्या जिन्यावरच्या दिव्याची न्यूट्रल पलीकडच्या बोर्डातून पुढे गेली होती आणि दोष पुढे जाणाऱ्या त्या टोकाला होता. बोर्डावरचे स्वतःचे दिवे त्या टोकाच्या अलीकडे होते, म्हणून त्यांना काही झाले नाही.

## तुटणे, आखडणे, गळणे

दिव्याच्या वायरिंगमध्ये बिघडण्यासारख्या गोष्टी शेकडो असल्या तरी परिणाम थोडेच असतात. वाट तुटली तर दिवा लागत नाही. वाट आखडली, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दिव्यातून न जाता परस्पर भिडल्या, तर शॉर्ट सर्किट होते आणि एमसीबी पडते. एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा पेटीतला स्विच. वाट गळकी झाली, म्हणजे ओल्या भिंतीतून, कुरतडलेल्या प्लास्टिकमधून किंवा पत्र्याला टेकलेल्या वायरीतून थोडी वीज जमिनीकडे निसटू लागली, तर आरसीसीबी पडते. हे उपकरण जमाखर्च ठेवणाऱ्या कारकुनासारखे आहे. फेजने किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलने किती परतला, एवढेच ते सतत ताडून पाहते, आणि घरगुती उपकरणात हा फरक 30 मिलिअँपिअरच्या आत असतानाच पुरवठा तोडते.

म्हणून काही पडले असेल तर काय पडले ते आधी पाहावे. दिवा विझला पण पेटीत सगळे जागेवर आहे, तर वाट तुटलेली आहे किंवा दिवाच गेला आहे. एमसीबी पडली तर बहुधा आखडलेली वाट, आणि आरसीसीबी पडली तर गळती. पेटीसमोरच्या या अर्ध्या मिनिटाने निम्मा शोध संपतो, तरी बहुतेक लोक पेटीकडे न जाता थेट स्टुलावर चढतात.

या तिघांखेरीज चौथा प्रकार आहे तो ढिल्या सांध्याचा. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण माझ्या मते घरातल्या दिव्यांच्या तक्रारींमध्ये सर्वांत फसवा तोच आहे.

## आधी निरीक्षण, मग स्क्रूड्रायव्हर

एकच दिवा बिघडला असेल तर संशय बल्ब, होल्डर, त्याचे बटण आणि या तिघांमधल्या वायरींवर घ्यावा. चालू असल्याची खात्री असलेला दुसऱ्या खोलीतला बल्ब तिथे लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे, आणि ती उलटही करावी, म्हणजे संशयित बल्ब दुसरीकडे लावून पाहावा. आट्यांच्या होल्डरमध्ये तळाशी असलेली पितळी पट्टी बल्ब जोरात पिळल्याने दबून बसते आणि बल्बला टेकत नाही. खटक्याच्या होल्डरमध्ये स्प्रिंग उष्णतेने मऊ पडून पिना आत अडकतात. दोन्ही वेळा बल्ब चांगला असतो, वायरिंगही चांगले असते, आणि माणूस मात्र भिंत खोदायला निघालेला असतो.

एकाच ओळीतले काही दिवे गेले आणि बाकीचे चालू असले, तर शेवटचा चालू दिवा आणि पहिला बंद दिवा यांच्या मधला सांधा तपासायला सांगावा. संपूर्ण घरातले दिवे एकदम मंद-प्रखर होत असतील तर दोष मुख्य पेटीत किंवा त्याच्याही मागे आहे. दिव्यांना हात लावण्यात काहीच अर्थ नाही.

यासोबत वेळेचीही नोंद घ्यावी. पाण्याचा पंप सुरू होताना दिवे क्षणभर दबणे स्वाभाविक आहे, कारण मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते. हीटर चालू असेपर्यंत दिवा फडफडत राहतो, हे मात्र स्वाभाविक नाही. दार आपटल्यावर दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी काहीतरी सैल आहे. पावसानंतरच आरसीसीबी पडत असेल तर ओल शोधावी. भिंतीला खिळा ठोकल्यापासून तक्रार सुरू झाली असेल, तर तो खिळा स्विचच्या सरळ वर किंवा शेजारी आडव्या रेषेत आहे का ते पाहावे, कारण वायरींचे पाइप बहुधा त्याच रेषांत गाडलेले असतात.

## टेस्टर पेटतो तेव्हा तो नेमके काय सांगतो?

घराघरात असलेला स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर आत एक छोटा निऑनचा दिवा आणि एक फार मोठा रोध, म्हणजे प्रवाह अडवणारा भाग, बाळगून असतो. टोक फेजला लागले आणि मागच्या टोपीवर आपण बोट ठेवले, की आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर तो पेटतो. म्हणजे टेस्टर हा जाणाऱ्या वाटेविषयी थोडेफार सांगतो. परतीच्या वाटेविषयी काहीही सांगत नाही.

यातून एक प्रसिद्ध घोटाळा होतो. दिवा लागत नाही, आणि टेस्टर होल्डरच्या दोन्ही टोकांवर पेटतो. पाहणाऱ्याला वाटते, दोन फेज आल्या. प्रत्यक्षात न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलेली असते. त्याच न्यूट्रलवर दुसरे एखादे उपकरण चालू ठेवलेले असते, आणि फेज त्या उपकरणातून पलीकडे येऊन तुटलेल्या न्यूट्रलच्या टोकाशी अडकून राहते. तिला पुढे वाट नसल्याने प्रवाह वाहत नाही, दिवा लागत नाही. पण त्या टोकाला हात लावणाऱ्याचे शरीर ही वाट पूर्ण करते. न्यूट्रल म्हणून ओळखली जाणारी काळी वायर अशा वेळी फेजइतकीच घातक असते.

उलट बाजूने, टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली असेही नाही. भर उजेडात त्याची नारिंगी ठिणगी दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असताना तो मंदावतो, आणि आतला रोध खराब झाला तर तो कायमचा गप्प बसतो. म्हणून जाणकार कारागीर परीक्षक उपकरण आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून पाहतो, मग कामाच्या वायरीला लावतो, आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी लावतो. मधल्या काळात उपकरणच बिघडले नाही ना, हे तिसऱ्या वेळी कळते.

डिजिटल मल्टिमीटर अधिक अचूक असतो, पण तोही एका बाबतीत चकवतो. त्याचा अंतर्गत रोध सहसा 10 मेगाओहमच्या आसपास असल्याने तो वायरीकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, आणि म्हणून कुठेही न जोडलेल्या पण चालू वायरीच्या शेजारून गेलेल्या वायरीवरही तो 40, 60, कधी 100 व्होल्ट दाखवतो. असा आकडा दिसला तर त्या दोन टोकांमध्ये साधा तारेचा बल्ब लावून पाहतात. खरा पुरवठा असेल तर बल्ब लागतो. भुताटकीचा दाब असेल तर बल्ब जोडताच मीटरवरचा आकडा शून्याजवळ येतो.

## ढिला सांधा: दिवा चालतो आणि भिंत तापते

आता ढिल्या सांध्याकडे येऊ. स्क्रू नीट आवळलेला नसेल किंवा वायरीच्या टोकावर काजळी चढली असेल, तर त्या सांध्याला स्वतःचा रोध येतो. सांध्यात तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सगळी मेख त्या वर्गात आहे. समजा, सांध्याचा रोध अर्धा ओहम आहे. नऊ वॅटचा एलईडी बल्ब 230 व्होल्टला एका अँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी प्रवाह घेतो. त्याने या सांध्यात एका वॅटच्या दोनशेव्या भागाइतकीसुद्धा उष्णता होत नाही. पण लूपिंगमुळे त्याच सांध्यातून पुढे दोन हजार वॅटचा हीटर चालत असेल, तर प्रवाह 8.7 अँपिअर आणि सांध्यातली उष्णता सुमारे 38 वॅट. डाग देण्याची छोटी सोल्डरिंग इस्त्री 25 वॅटची असते. तीहून तापट वस्तू भिंतीतल्या बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्यासारखे हे झाले.

आणि हीटरवर याचा परिणाम काय होतो? त्या सांध्यात साडेचार व्होल्टसुद्धा खर्ची पडत नाहीत. 230 ऐवजी 225-226 व्होल्ट मिळाल्याने हीटरला काही फरक पडत नाही. म्हणजे भिंतीत सोल्डरिंग इस्त्री तापते आहे आणि घरातले प्रत्येक उपकरण व्यवस्थित चालते आहे. हीटर चालणाऱ्या वाटेवर मोठ्या क्षमतेची एमसीबी असेल तर तीही पडत नाही, कारण प्रवाह तिच्या मर्यादेतच आहे. घरातल्या सामान्य वायरीचे पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते कडक होते, तडकते आणि मग आखडणे किंवा गळणे सुरू होते.

या दोषाची कुणकुण नाक, कान आणि तळहात यांना आधी लागते. बटणाची प्लेट कोमट लागणे, तिच्या कडेला पिवळसर डाग पडणे, बोर्डाजवळ मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकसारखा वास येणे, बटण दाबताना टिक ऐवजी चर्रर असा आवाज येणे, ही लक्षणे दिवा चालू असतानाही गंभीर मानावीत. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर थोडा कोमट असतो, तेवढा अपवाद. साध्या बटणाला कोमट होण्याचे काहीही कारण नाही.

अॅल्युमिनियमच्या वायरी असलेल्या घरांत हा दोष अधिक दिसतो. तापल्यावर अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, स्क्रूखाली दबून चपटे होते, आणि हवा लागताच त्यावर वीज न वाहणारा थर चढतो. तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या वायरी नुसत्या एकत्र पिळून जोडल्या असतील तर तो सांधा बदलून घ्यावा, तो आज चांगला दिसत असला तरी.

## मग बंद बटणाचा दिवा का मिणमिणतो?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. पूर्वीच्या तारेच्या साठ वॅटच्या बल्बला पेटायला पाव अँपिअर प्रवाह लागे. एलईडीला मात्र एका मिलिअँपिअरचा काही भाग मिळाला तरी फिकट उजेड देता येतो. म्हणजे वायरिंगमधली जी चोरटी गळती पूर्वीही होती, ती आता दिसू लागली आहे.

ही चोरटी वीज येते कुठून? पहिले उगमस्थान अगदी निरुपद्रवी आहे. बटणापासून दिव्याकडे जाणारी वायर आणि कायम चालू असलेली फेजची वायर एकाच पाइपातून शेजारी शेजारी धावतात. दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिक, म्हणजे एक कपॅसिटर झाला. घरातली प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी, वीज त्यातून थोडी थोडी पलीकडे जाते. दहा मीटर एकत्र गेलेल्या वायरींमधून असा मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहून कमी प्रवाह येतो. काही बल्बांत तो सतत मिणमिणाट करतो. काहींत आतला कपॅसिटर हळूहळू भरून एकदम रिता होतो, म्हणून दर काही सेकंदांनी एक लुकलुक दिसते. दुसरे उगमस्थान अंधारात बटण दिसावे म्हणून बटणातच बसवलेला बारीक दिवा. त्याचा प्रवाह बंद बटणाला वळसा घालून छताच्या दिव्यातूनच परततो.

तिसरे कारण मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाही. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर बंद केल्यावरही दिव्याच्या आतपर्यंत पूर्ण दाब उभा असतो आणि आजूबाजूच्या धातूकडे, ओलसर छताकडे तो थोडा थोडा निसटत राहतो. बल्ब बदलायला चढलेला माणूस बटण बंद आहे या विश्वासावर होल्डरला हात लावतो, आणि धोका तिथेच असतो. यातला फरक ओळखण्यासाठी इलेक्ट्रिशियन एक साधी युक्ती करतो. दिवा चालू ठेवून स्विचच्या मागच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावायचा. दोन्हीवर पेटला तर स्विच फेजवर आहे, दोन्हीवर विझलेला राहिला तर न्यूट्रलवर. बटण बंद ठेवून हीच चाचणी केली तर दोन्ही जोडण्यांत एक टोक पेटते आणि एक पेटत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरते. चाचणी चालू विजेवर उघड्या बोर्डात होत असल्याने ती कारागिरानेच करावी, पण त्याने ती कोणत्या स्थितीत केली हे शेजारी उभे राहून पाहायला हरकत नाही.

पहिल्या दोन कारणांवर उपाय म्हणून दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडतात, म्हणजे चोरटा प्रवाह त्याच्याकडे वळतो. अनेकदा दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावला तरी काम भागते.

## छताचा दिवा बदलला आणि एमसीबी पडू लागली

हे कोडे मला सर्वांत आवडते, कारण यात चूक करणारा माणूस बहुधा अगदी नीटनेटका असतो. काही घरांत लूपिंग बोर्डात न करता छतातच, दिव्याच्या वरच्या गोल डब्यात केलेले असते. जुना दिवा उतरवला की तिथे दोन वायरी अपेक्षित असतात आणि निघतात सहा. दोन मागून आलेल्या, दोन पुढच्या दिव्याकडे जाणाऱ्या, आणि दोन खाली बटणाकडे उतरणाऱ्या. तीन लाल, तीन काळ्या. नीटनेटका माणूस तिन्ही लाल एकत्र पिळतो, तिन्ही काळ्या एकत्र पिळतो, आणि नवा दिवा त्यांना जोडतो.

पण बटणाकडे उतरणारी जोडी वेगळी आहे. तिची लाल वायर फेज खाली नेते, आणि तिची काळी वायर बटणातून गेलेली फेजच वर परत आणते. ती काळी असली तरी न्यूट्रल नाही. ती फक्त दिव्याच्या फेजच्या टोकाला जायला हवी. सगळ्या काळ्या एकत्र केल्यावर काय होते ते पाहा. दिव्याला फेज आणि न्यूट्रल थेट मिळाल्या, म्हणून बटण बंद असतानाच दिवा लागतो. आणि कोणी बटण चालू करताच फेज त्या काळ्या वायरीतून सरळ न्यूट्रलला भिडते आणि एमसीबी पडते. बटण बंद असता उजेड आणि चालू करता अंधार, अशी तक्रार ऐकली की जाणकार माणूस बोर्ड न उघडताच चूक सांगू शकतो.

अशा डब्यात भिंतीवरचे बटण बंद केल्यावरही लूपची फेज जिवंतच असते. त्यामुळे छताच्या दिव्याचे कोणतेही काम पेटीतली एमसीबी किंवा मुख्य स्विच बंद करूनच करावे, आणि घरातले कोणी मध्येच ती वर करणार नाही अशी व्यवस्था करावी. मुख्य स्विच बंद करणे मला अधिक पसंत आहे, कारण काही घरांत दोन वेगवेगळ्या एमसीबींच्या दिव्यांनी एकच न्यूट्रल वाटून घेतलेली असते आणि एक एमसीबी पाडली तरी त्या न्यूट्रलमधून दुसरीचा प्रवाह वाहत राहतो.

## जिन्याची दोन बटणे

जिन्यावरचा दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून चालू-बंद होतो, कारण तिथल्या टू-वे स्विचला तीन टोके असतात. एक सामाईक टोक आणि दोन पर्यायी. बटण बदलताना सामाईक टोकाची वायर चुकून पर्यायी टोकाला लागली, तर दिवा पूर्ण बंद पडत नाही. एक बटण विशिष्ट बाजूला असेल तेव्हाच दुसरे बटण चालते, आणि ते उलट बाजूला असेल तेव्हा दुसरे कितीही दाबले तरी काही होत नाही. हे लक्षण दिसले की वायर तुटलेली नसून जागा चुकलेली आहे, हे निश्चित समजावे. निरनिराळ्या बनावटींच्या स्विचमध्ये सामाईक टोक वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून जुन्या स्विचची जागा पाहून नव्यात वायरी लावणे पुरेसे नसते.

## एमसीबी आणि आरसीसीबी असताना भीती कसली?

एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असते, माणसाच्या नव्हे. दिव्यांच्या वाटेवर सहसा 6 अँपिअरची एमसीबी असते. माणसाच्या छातीतून 30 मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह काही वेळ वाहिला तरी जिवाला धोका पोहोचू शकतो. 6 अँपिअर त्याच्या दोनशे पट आहेत. विजेचा धक्का बसत असताना एमसीबीच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते.

आरसीसीबी इथे खरोखर उपयोगी पडते, पण तिची नजर फक्त जमाखर्चावर आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्या, जमिनीपासून अलग असलेल्या माणसातून जेवढा प्रवाह जातो तेवढाच परततो, आणि तिच्या हिशेबी तो माणूस म्हणजे एक बल्ब असतो.

आरसीसीबीविषयी दुसरी शंका अशी, की सगळी बटणे बंद असतानाही ती का पडते. याचे उत्तर न्यूट्रलमध्ये आहे. बटण फेज तोडते. न्यूट्रल सदैव जोडलेलीच राहते. छतातल्या एखाद्या दिव्याची न्यूट्रल पत्र्याला किंवा अर्थिंगला टेकली असेल, तर घरात दुसरीकडे चाललेल्या फ्रिजच्या परतीच्या प्रवाहातला काही भाग त्या वाटेने जमिनीत जातो, हिशेब चुकतो आणि आरसीसीबी पडते. मग फ्रिजवर आळ येतो.

## एमसीबी पडली तर पुन्हा चालू करावी की नाही?

एकदा करावी, पण विचाराने. आधी त्या वाटेवरची सगळी बटणे बंद करावीत, मग एमसीबी वर करावी. लगेच पडली तर दोष बटणांच्या अलीकडे, मुख्य वाटेतच आहे, आणि पुन्हा प्रयत्न करू नये. टिकली तर एकेक बटण चालू करत जावे. ज्या बटणाला पडेल त्याच्या पुढचा दिवा, होल्डर किंवा उतरती वायर दोषी. वारंवार वर करत राहिले तर प्रत्येक वेळी शॉर्ट सर्किटचा संपूर्ण झटका त्याच जळक्या जागेला बसतो.

इथे दोन निरुपद्रवी अपवाद आहेत. तारेचा बल्ब उडताना आत क्षणभर ठिणगी साधून एमसीबी पडू शकते. बल्ब बदलला की विषय संपतो. आणि एका बटणावर पुष्कळ एलईडी दिवे असतील, तर चालू करण्याच्या क्षणी त्यांचे कपॅसिटर एकदम भरताना मोठा प्रवाह ओढतात. बी प्रकारची एमसीबी तिच्या क्षमतेच्या 3 ते 5 पट प्रवाहाला तत्काळ पडते आणि सी प्रकारची 5 ते 10 पटीला, त्यामुळे काही ठिकाणी इलेक्ट्रिशियन प्रकार बदलण्याचा सल्ला देतो. एमसीबी पडते म्हणून तिची क्षमता वाढवून 6 च्या जागी 16 अँपिअरची बसवणे हा मात्र उपाय नाही, कारण मग बारीक वायर आधी जळते आणि एमसीबी नंतर पडते.

## रंगांवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. लाल-काळा-हिरवा ही एक पद्धत, तपकिरी-निळा-हिरवापिवळा ही दुसरी, आणि काळी वायर फेजसाठी व पांढरी न्यूट्रलसाठी वापरणारे देशही आहेत. म्हणजे एका पद्धतीतली न्यूट्रल दुसरीत फेज होते. त्यात बटणातून परतणाऱ्या काळ्या वायरीचे उदाहरण वर आलेच आहे, आणि काम संपवताना हाताशी उरलेल्या रंगाची वायर वापरणारे कारागीर सगळीकडे असतात. रंग हा अंदाज आहे. मोजणी हा पुरावा.

## हात कुठे आखडता घ्यावा

काही दिवे एकाएकी डोळे दिपवणारे प्रखर आणि त्याच वेळी काही मंद झाले, तर बाहेरून येणारी सामाईक न्यूट्रल तुटली असण्याची शक्यता मोठी असते. तीन फेजच्या पुरवठ्यात दोन फेजमधला दाब 400 व्होल्ट असतो, आणि न्यूट्रल नाहीशी झाली की घरातल्या उपकरणांना 230 च्या खूप वर किंवा खाली कितीही मिळू शकतात. अशा वेळी मुख्य स्विच तत्काळ बंद करून वीज पुरवणाऱ्या यंत्रणेला कळवावे; दिवे एकेक करून तपासत बसू नये. छतातून पाणी दिव्यात उतरत असेल, बोर्डातून चरचर आवाज किंवा धूर येत असेल, तर तिथेही पहिले काम तेच, आणि त्या बोर्डावरचे बटण बंद करायलाही हात लावू नये.

एरवी इलेक्ट्रिशियनला बोलावताना नुसते दिवा लागत नाही असे सांगण्याऐवजी कोणता दिवा, त्याच ओळीतले कोणते चालू आहेत, पेटीत काय पडले, आणि काय चालू असताना तक्रार वाढते, एवढे कागदावर लिहून ठेवावे. दिवा उतरवण्याआधी डब्यातल्या जोडण्यांचा फोटो घेऊन ठेवायला सांगावे. आणि छतात बटणातून परतणारी काळी वायर सापडली, तर तिच्या टोकाला त्याच वेळी लाल टेपचे दोन वेढे द्यायला लावावेत, म्हणजे दहा वर्षांनी हा दिवा बदलणाऱ्याला ती न्यूट्रल वाटणार नाही.